झेड ब्लॉकमधले बाबा : नॉर्वेच्या आन्ने-कात वेस्टली

रानजाई

ओस्लोच्या बंदरालगत, ऑपेरा हाऊसच्या शेजारी, २०२० साली शहराचं नवं मुख्य सार्वजनिक वाचनालय उघडलं. त्याचा पत्ता आहे 'आन्ने-कात वेस्टली चौक, क्रमांक १'. नाटककार इब्सेनच्या देशात राजधानीच्या वाचनालयाला पत्ता मिळाला तो आयुष्यभर चिमुरड्यांसाठी लिहिणाऱ्या एका बाईंच्या नावाचा. इथे राहायला आल्यापासून मी त्यांची पुस्तकं वाचते आहे, आधी भाषा शिकायला म्हणून आणि नंतर सोडवेनात म्हणून. मराठीत त्यांच्याबद्दल सविस्तर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

जन्म १५ फेब्रुवारी १९२० चा, पूर्व नॉर्वेतल्या रेना या लहान गावातला. माहेरचं आडनाव शूलेरूद. वडील औषधनिर्माते होते. घर या गावातून त्या गावात हलत राहिलं आणि आन्ने-कात लहान असतानाच वडील गेले. थोरला भाऊ मेन्त्स पुढे लेखक आणि रेडिओवरचा नावाजलेला माणूस झाला. हिचा ओढा नाटकाकडे होता. १९४६ मध्ये तिने योहान वेस्टली या चित्रकाराशी लग्न केलं. तिच्या जवळजवळ सगळ्या पुस्तकांतली चित्रं योहाननी काढली आहेत. बारीक, थोडी वेडीवाकडी रेष, आणि चेहरे असे की शेजारच्या घरातून उचलून आणलेत. १९९३ मध्ये योहान वारले, तोवर ही जोडी एकत्र काम करत होती.

खरी सुरुवात पुस्तकातून झाली नाही, रेडिओवरून झाली. एनआरके म्हणजे तिथली आकाशवाणी. तिच्यावर १९४७ पासून अगदी लहान मुलांसाठी एक कार्यक्रम लागायचा. देशात रेडिओ एकच, त्यामुळे त्या वेळेला घरोघरी तोच चालू. त्या कार्यक्रमाने तीन मोठी माणसं दिली : तूरब्यर्न एग्नर, आल्फ प्रॉयसेन आणि वेस्टलीबाई. बाईंच्या गोष्टी आधी हवेतून ऐकल्या गेल्या आणि मग छापल्या गेल्या. त्यांची वाक्यं मोठ्याने वाचून पाहिली की हे लगेच कळतं. श्वास कुठे घ्यायचा ते वाक्यच सांगतं.

१९५३ मध्ये पहिलं पुस्तक आलं, 'ऊले अलेक्सांडर फिलिबोम-बोम-बोम'. ओस्लोतल्या एका उंच इमारतीत राहणारा एकुलता एक मुलगा. पुढे त्याच्या आईला दिवस जातात, आणि बाळ आईच्या पोटात वाढतंय हे ऊलेला सरळ सांगितलं जातं. पन्नासच्या दशकात रेडिओवरून लहान मुलांना हे सांगितल्यावर लोक खवळले. बाईंनी गोष्ट बदलली नाही. मुलाने विचारलं आहे, तर उत्तर द्यायचं.

मग १९५७ मध्ये आलं 'आठ लहान, दोन मोठे आणि एक मालट्रक' (नाव मी माझ्यापुरतं मराठीत केलंय). आई, बाबा आणि आठ मुलं : मारेन, मार्टिन, मार्ते, माड्स, मोना, मिली, मिना आणि धाकटा मॉर्टेन. शहरात एक खोली आणि एक स्वयंपाकघर. रात्री आईबाबा स्वयंपाकघरात झोपतात आणि आठही मुलं खोलीत जमिनीवर गाद्या टाकून, कारण आठ पलंग मावणार कुठे? खालच्या मजल्यावरच्या बाई आवाजाने वैतागतात. बाबा ड्रायव्हर, घर चालतं ते ट्रकवर. ट्रक म्हणजे घरातलं अकरावं माणूसच. आणि तो चोरीला जातो. चोर सापडतो, त्याचं नाव हेन्रिक. पुढे हाच हेन्रिक या कुटुंबाचा मित्र होतो. खालच्या बाईसुद्धा हळूहळू घरच्याच होतात. नंतर खेड्यातून आजी येते, आईची आई, आणि या दाटीत तीही सामावते. पुढच्याच वर्षीच्या पुस्तकात सगळे जंगलातल्या घरात राहायला जातात.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते १९६६ चं 'आउरोरा, झेड ब्लॉकमधली'. ओस्लोच्या कडेला तिरिलतॉपेन नावाची नवीकोरी वसाहत. नाव काल्पनिक आहे, पण त्यामागे बाई स्वतः जिथे राहायच्या ते ब्योलेर हे उपनगर आहे. युद्धानंतर शहर वाढलं, डोंगरउतारांवर उंच इमारती उभ्या राहिल्या, कुठून कुठून आलेली तरुण कुटुंबं तिथे शिरली आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. आउरोराचं कुटुंब तिथे येतं. आई वकील, रोज कामावर जाते. बाबा घरी राहून प्राचीन इतिहासात डॉक्टरेटचा अभ्यास करतात आणि सोबत आउरोरा आणि तान्ह्या सोक्रातेसला सांभाळतात (इतिहासवाल्या घरात बाळाचं नाव दुसरं काय असणार!). बाबा बाबागाडी ढकलतात, कपडे धुतात, जेवण करतात. शेजारणींना हे काही केल्या पटत नाही. त्या पोरीलाच गाठून चौकश्या करतात. ती नव्या जागेत आधीच बुजलेली, त्यात हे.

ही गोष्ट १९६६ ची आहे हे ध्यानात घ्या. नॉर्वे म्हटलं की आज आपल्याला समानता आठवते, पण युद्धानंतरची दोन दशकं हा देश गृहिणींचा देश होता. शेजारच्या देशांपेक्षाही इथे लग्न झालेल्या बायका कमी संख्येने नोकरी करत. बालवाड्यांचा कायदा १९७५ चा, स्त्री-पुरुष समानतेचा १९७८ चा, आणि बापासाठी राखून ठेवलेली पालकत्वाची रजा १९९३ ची. आउरोराचे बाबा त्या रजेच्या सत्तावीस वर्षं आधी बाबागाडी घेऊन खाली उतरले होते.

बाईंची बाकीची पात्रं म्हणजे क्नेर्तेन, गूरो, काओस, त्यांच्यावर प्रतिसादांत लिहीन, नाहीतर पोस्ट संपायचीच नाही.

---

गिरगावची_गौरी

ताई, आठ मुलं जमिनीवर गाद्यांवर, हे वाचून थांबलेच. आमची चाळीतली खोली दहा बाय बाराची, माणसं नऊ. रात्री गाद्या घालण्याचा क्रम ठरलेला असायचा. दाराशी काका, कारण ते पहाटे गिरणीत जायचे, मग आम्ही पोरं आडवी, मोरीजवळ आजी. कोणी मध्ये उठलं की सगळ्यांच्या पायांवरून जायचं. खालचे जोशी काठीने छत ठोकायचे, तेही अगदी तसंच. नॉर्वेत अशी गोष्ट असेल असं स्वप्नातही वाटलं नसतं. मला वाटायचं तिकडे सगळे बर्फातल्या लाकडी बंगल्यांतच राहतात.

एक विचारायचं होतं. त्या घरातली गरिबी पुस्तकात कशी येते? आपल्याकडे गरीब घराची गोष्ट म्हटली की रडारड ठरलेली.

---

रानजाई

गौरी, हाच प्रश्न हवा होता. रडारड नाही, आणि 'गरीब पण सुखी' असं कौतुकही नाही. जागा कमी आहे ही अडचण आहे आणि ती पानोपानी अडचणच राहते. गाद्या उचलायच्या, आवाज करायचा नाही, पैसे जपून वापरायचे. बाई ते हिशेबासारखं मांडतात. मुलांना त्याचं वाईट वाटायला हवं असा आग्रह लेखिकेने धरलेला नाही, म्हणून मुलं आपल्या कामाला लागतात. ट्रक चोरीला जातो तेव्हा मात्र घर खरोखर घाबरतं, कारण ट्रक गेला म्हणजे मिळकत गेली. चार वर्षांच्या श्रोत्यालासुद्धा ते कळतं, आणि त्याला ते कळेल यावर बाईंचा विश्वास आहे.

---

जुना_वाचक

लेख माहितीपूर्ण. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. बालसाहित्यात समाजसुधारणा आणली की त्यातलं बाल निघून जातं आणि नुसतं सुधारणा उरतं. मुलांना राजा, राक्षस, बोलणारी झाडं हवी असतात. वकील आई आणि घर सांभाळणारे बाबा ही मोठ्यांची चर्चा आहे. ती पोरांच्या गळी का उतरवायची?

---

रानजाई

शंका रास्त आहे, कारण अशी उपदेशाची पुस्तकं ढिगाने निघतात. पण दोन गोष्टी सांगते.

एक, घरी कोण असतं आणि कामावर कोण जातं ही मोठ्यांची चर्चा नाहीच, ते मुलाचं रोजचं जग आहे. सकाळी दार लावून कोण गेलं आणि जेवायला कोण वाढतंय याहून जवळचं त्याला काय असतं? वेस्टलीबाई बाबांचं कौतुक करत नाहीत, शेजारणींना खलनायिकाही करत नाहीत. आउरोराचं सगळं लक्ष इथे कोणी मैत्रीण मिळेल का याकडे आहे. बाबागाडी मागे चालू असते.

दुसरी गोष्ट, बोलणारं झाडही त्यांच्याकडे आहे! १९६२ चं 'लिलेब्रूर आणि क्नेर्तेन' वाचा. कुटुंबाकडे पैसे नाहीत म्हणून ते शहर सोडून खेड्याकडे येतं. वडील फिरते विक्रेते, बायकांची अंतर्वस्त्रं विकतात. आई दुकानात नोकरी धरते. थोरला भाऊ त्याच्या उद्योगात. धाकट्याला खेळायला कोणी नाही. मग त्याला लाकडाचा एक तुकडा सापडतो, हातापायांसारख्या फांद्या असलेला, अगदी छोट्या माणसासारखा. तो क्नेर्तेन. तो बोलतो, बढाया मारतो, घाबरतो, रुसतो. लिलेब्रूरचा जिवलग होतो. ही कल्पनाशक्ती राजवाड्यातून आलेली नाही, ती एकट्या पडलेल्या मुलाच्या खिशातून आली आहे. पोराला एकटं वाटतंय असं बाई कुठे सांगत बसत नाहीत. लाकूड बोलायला लागलं यातच ते आलं.

---

स्टावांगरवासी

क्नेर्तेनचं नाव काढलंत म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचनमात्र. इथे तेल कंपन्यांमुळे आपली बरीच मंडळी आहेत आणि मुलं इथल्या बालवाडीत वाढतात. क्नेर्तेनवर तीन सिनेमे निघाले, २००९, २०१० आणि २०११ मध्ये. पहिला पाहिल्यावर माझा मुलगा जंगलातून दिसेल ती काटकी घरी आणायला लागला. प्रत्येकीला नाव. बायकोने शेवटी बाल्कनीत खोकंच ठेवलं. बालवाडीतल्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, इथे सगळीच मुलं हे करतात.

त्या स्वतः सिनेमात काम करायच्या असं ऐकलंय. खरं का?

---

रानजाई

हो. आठ मुलांच्या आजीवर १९७७ आणि १९७९ मध्ये सिनेमे आले. दोन्हींत आजी स्वतः वेस्टलीबाईच. डोक्याला रुमाल, मोठ्ठा चष्मा, तुरुतुरु चाल. त्यानंतर देश त्यांना 'नॉर्वेची आजी' म्हणायला लागला. रस्त्यात मुलं त्यांना आजी म्हणूनच ओळखायची.

त्याच्या आधीची गंमत म्हणजे १९६३ मध्ये, टीव्ही नॉर्वेत नवाच होता तेव्हा, त्यांनी कानुतेन नावाच्या लहान मुलाची भूमिका केली. वय त्रेचाळीस! समोर रोमियो क्लाइव्ह म्हणून आल्फ प्रॉयसेन. म्हणजे चाळिशीत मुलगा आणि साठीच्या आत आजी. नाटकाची आवड अशी कामी आली.

---

नाशिककर_बाबा

रानजाई ताई, हा धागा मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

माझी मुलगी झाली तेव्हा बायकोची नोकरी पक्की होती आणि माझं काम घरून होण्यासारखं होतं. ती कामावर जायला लागली, मी घरी राहिलो. दूध, लंगोट, लसीकरणाचं कार्ड, सगळं. बिल्डिंगमध्ये दर दुसरा माणूस विचारायचा, "सध्या घरीच का? काही बघताय की नाही?" भाजीवाल्यापाशी तर एका काकूंनी मुलीला कडेवर असतानाच विचारलं, "आई कुठंय गं तुझी?" पोरगी वर्षाची, ती काय सांगणार. उत्तर माझ्याकडूनच हवं होतं. दवाखान्यात नाव पुकारताना "पेशंटची आई" असंच पुकारायचे, मी उठलो की आधी मागे बघायचे. आता पोरगी सात वर्षांची आहे. परवा तिने शाळेत 'माझे बाबा' निबंधात लिहिलं की बाबा वेणी छान घालतात पण पेपर वाचताना दूध उतू घालवतात. दोन्ही खरं आहे.

मला हवं आहे ते पुस्तक हेच. इंग्रजीत मिळेल का?

---

रानजाई

नाशिककर, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं. निबंध जपून ठेवा.

इंग्रजीत आउरोराची गोष्ट सत्तरच्या दशकात आली होती, आठ मुलांच्या मालिकेतलीही काही पुस्तकं तेव्हाच आली. आता नवी छापील प्रत मिळणं अवघड. जुन्या पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानांत शोधा. जर्मन येणारं कोणी ओळखीत असेल तर त्या भाषेत जास्त सहज मिळतात.

---

कोजागिरी

रशियनमध्येही! मी रशियन शिकले ती एका जुन्या शिक्षिकेकडे, आणि त्यांनी पहिलं सलग वाचायला दिलेलं पुस्तक हेच होतं : बाबा, आई, आजी, आठ मुलं आणि मालट्रक. मला कित्येक दिवस ते रशियनच वाटायचं. तिकडे हे पुस्तक अफाट लोकप्रिय आहे, आजही नव्या आवृत्त्या निघतात. सामायिक स्वयंपाकघरांच्या आणि एका खोलीतल्या संसारांच्या देशात ते का रुजलं हे वेगळं सांगायला नको.

आउरोरासुद्धा तिकडे खूप वाचतात. पण मला तिच्यापेक्षा गूरो आवडली. तिच्याबद्दल लिहा ना.

---

रानजाई

गूरोवर लिहायचंच होतं. ही मालिका १९७५ पासूनची, जागा तीच, तिरिलतॉपेन. गूरोचे वडील वारले आहेत. आई एर्ले त्या उंच इमारतींची केअरटेकर होते. म्हणजे दिवे, जिने, कचरा, बर्फ काढणं, बिघडलेली कुलपं, जे जे काही बिघडेल ते सगळं बाईमाणसाच्या हातात. सत्तरच्या दशकात हे काम पुरुषाचंच मानलं जायचं. पुन्हा तेच तंत्र, भाषण कुठेच नाही. एर्लेला काम हवं आहे, ती धडधाकट आहे, तिला हातोडी धरता येते.

आणि गूरो व्हायोलिन शिकते. केअरटेकरच्या मुलीच्या हातात व्हायोलिन. बाई हे दोन्ही शेजारी ठेवतात आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही आहे असं एकदाही सुचवत नाहीत. मला हे त्यांचं सर्वांत मोठं धाडस वाटतं, आउरोराच्या बाबांपेक्षाही. घरी राहणारा बाप निदान डॉक्टरेट करणारा विद्वान होता, लोक त्याला माफ करू शकत होते. एर्लेकडे तशी ढाल नाही. मृत्यू, एकटी आई, तुटपुंजा पगार, आणि एक मूल घरी एकटं. 'गूरो घरी एकटी' नावाचं पुस्तकच आहे, १९७७ चं. हे रेडिओवरून पाच-सहा वर्षांच्या मुलांना सांगितलं आणि मुलं घाबरली नाहीत, ऐकत राहिली.

ऐंशीच्या दशकात काओसच्या गोष्टी आल्या. त्याचे बाबा बस चालवतात. ट्रक ड्रायव्हर, अंतर्वस्त्रांचा विक्रेता, केअरटेकर, बस ड्रायव्हर, आणि मध्येच एक वकीलबाई. त्यांच्या पुस्तकांत मोठ्यांना नोकऱ्या असतात आणि त्या नोकऱ्या नेमक्या काय आहेत हे मुलांना नीट माहीत असतं. आपल्या गोष्टींतले बाबा 'ऑफिसला' जातात आणि संध्याकाळी परत येतात, मधलं सगळं कोरं.

---

मीनाक्षी_क

शेवटचं वाक्य पटलं, पण मराठीत अगदीच कोरं नाही हं. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' पाहा. घरातलं एकेक माणूस घेऊन छोटी छोटी पुस्तकं, चित्रंही त्यांचीच. रोजचं घर हाच विषय. माझ्या भाचीने पानं फाटेपर्यंत वाचलीत. रेडिओचं म्हणाल तर पुणे आकाशवाणीच्या बालोद्यानची आमच्या पिढीला आठवण आहेच. फक्त त्यातल्या गोष्टी एकत्र छापून पुढच्या पिढीच्या हातात पडल्या नाहीत, ही खंत आहे.

---

रानजाई

अगदी मान्य, मीनाक्षी. 'राधाचं घर' इथे माझ्या कपाटात वेस्टलीबाईंच्या शेजारीच आहे. आणि रेडिओच्या गोष्टी छापल्या जाण्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. एग्नर, प्रॉयसेन, वेस्टली तिघेही आज वाचले जातात ते रेडिओनंतर लगेच पुस्तकं निघाली म्हणून. आवाज हवेत विरतो.

---

जुना_वाचक

क्नेर्तेनचा परिच्छेद दोनदा वाचला. वाचायला हवं. बाईंचा शेवटचा काळ कसा गेला?

---

रानजाई

पुस्तकं पन्नासाहून जास्त झाली. ऐंशी ओलांडल्यावरही लिहीत होत्या. बालपणाच्या आठवणींचं पुस्तक १९९० मध्ये आलं. त्यात रेनाचं गाव, वडिलांचं औषधांचं काम, सारखं बिऱ्हाड हलवणं, सगळं आहे. ते वाचल्यावर लक्षात येतं की त्यांच्या जवळपास प्रत्येक मालिकेत कुणीतरी घर का बदलत असतं. आठ मुलं जंगलात जातात, आउरोरा नव्या वसाहतीत येते, लिलेब्रूर खेड्यात, ऊले अलेक्सांडरही बिऱ्हाड हलवतो. नव्या घरातली पहिली रात्र, अनोळखी जिना, खाली खेळणारी अनोळखी पोरं, हे त्यांच्याइतकं अचूक मी कुठे वाचलेलं नाही.

अखेरच्या वर्षांत त्यांना अल्झायमर झाला. १५ डिसेंबर २००८ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मियन्डालेन इथे त्या गेल्या.

---

गिरगावची_गौरी

माझ्या नातीला सहावं लागलंय. एकच सुचवायचं तर कुठून सुरुवात करू? मीच वाचून सांगणार आहे, मराठीत, जमेल तसं.

---

रानजाई

गौरी, तुमच्या हाती तर आठ मुलंच द्यायला हवीत. ट्रक चोरीला जाण्यापर्यंतचा भाग एका बैठकीत सांगा आणि ट्रक गेला तिथे थांबू नका, नाहीतर पोर झोपायची नाही. तो सापडेपर्यंत पुढे न्या. गाद्यांचं वर्णन तुम्ही तुमचंच घाला, काका दाराशी, आजी मोरीजवळ. आणि खालच्या बाई रागावतात तिथे जोश्यांची काठी खुशाल वापरा.

नाशिककर, तुम्ही आउरोरापासूनच सुरू करा. जुनी प्रत नाहीच सापडली तर पहिल्या काही प्रकरणांचा सारांश मराठीत लिहून इथे टाकते, पुढच्या आठवड्यात.